शिफ्टची नोकरी, तांदळाचे घर आणि जेवणाची शिस्त

कंपनीच्या वार्षिक तपासणीत किंवा गावातल्या शिबिरात शुगर वाढलेली निघते, ब्लड प्रेशर वरच्या बाजूला असते, आणि कागदावर शेरा येतो, "आहारावर नियंत्रण ठेवा." घरी आल्यावर प्रश्न पडतो की नियंत्रण म्हणजे नेमके काय? डोलवी, वडखळ, गडब, पेण आणि पुढे रोह्यापर्यंतच्या घरांत हा प्रश्न थोडा वेगळा आहे. इथे घरचे मुख्य अन्न तांदूळ आहे आणि घरातला एखादा तरी माणूस पाळीवर कामाला जातो. धरमतर खाडीच्या काठचा डोलवीचा पोलाद कारखाना (पूर्वीची इस्पात, आता जेएसडब्ल्यू), त्याच्याशी जोडलेली ठेकेदारी, ट्रक, गोदी आणि रोह्याची औद्योगिक वसाहत हे सगळे दिवसरात्र चालते. "सकाळी आठला नाश्ता, दुपारी एकला जेवण, रात्री आठच्या आत जेवा" असा छापील तक्ता अशा घराला पाळता येत नाही. दोन दिवसांत तो फ्रिजला चिकटवलेला कागद होऊन राहतो.

म्हणून हा लेख अशा घरांसाठी लिहिला आहे. रुग्णाने वाचावाच, पण डबा भरणाऱ्या व्यक्तीने आधी वाचावा.

"भात सोडला, तरी शुगर उतरत नाही"

ही तक्रार या भागात फार ऐकू येते आणि बहुतेक वेळा माणूस खरे बोलत असतो. त्याने भात खरोखरच सोडलेला असतो. पण त्याचा दिवस पाहा. सकाळी पोहे, दुपारी तांदळाच्या तीन भाकऱ्या आणि कालवण, संध्याकाळी चहाबरोबर कुरमुऱ्यांचा चिवडा, रात्री पुन्हा भाकरी, तोंडी लावायला पोह्याचा पापड. कधी घावने, कधी इडली. ताटातून भात गेला, पण तांदूळ कुठेच गेला नाही.

तांदळाची भाकरी हा तांदूळच आहे. पिठी जितकी बारीक, तितकी ती लवकर पचते आणि रक्तातली साखर लवकर चढते. एका मध्यम भाकरीला साधारण ५० ते ६० ग्रॅम पिठी लागते. कच्चा तांदूळ शिजल्यावर वजनाने अडीच ते तीन पट होतो, म्हणजे तीन भाकऱ्या खाणाऱ्याने जवळजवळ पाऊण शेर नाही, पण चांगला शिगोशीग ताटभर भात खाल्ला असे धरायला हरकत नाही.

याचा अर्थ भाकरी वाईट असा नाही, आणि भातही वाईट नाही. पिढ्यान्‌पिढ्या खारेपाटात भात पिकवून, दिवसभर शेतात किंवा मिठागरात राबून लोकांनी तो पचवला. आता काम बदलले, क्रेनच्या केबिनमध्ये किंवा कंट्रोल रूममध्ये आठ तास बसणे आले, ताट मात्र तेच राहिले.

राष्ट्रीय पोषण संस्थेने (हैदराबाद) २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यात सर्व धान्ये मिळून २५० ग्रॅम (कच्ची), डाळी-कडधान्ये किंवा त्याऐवजी अंडी-मासे-मांस मिळून ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, सुकामेवा-तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असा हिशेब दिला आहे. आपल्याकडच्या ताटात धान्य याच्या बरेच वर आणि भाजी बरीच खाली असते. एकदा घरी वजनकाट्यावर नाही तर निदान वाटीने तांदूळ आणि पिठी मोजून पाहा. माणशी रोज किती शिजते हे बहुतेक घरांना ठाऊक नसते, कारण मोजणारा हात अंदाजाने मोजतो आणि अंदाज भुकेल्या घराचा असतो.

प्रश्न "कोणते धान्य" याच्याइतकाच "ताटात किती जागा" हा आहे. अर्धे ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट वाल, मूग, मटकी, अंडे, मासळी किंवा चिकन, उरलेले पाव ताट भात किंवा भाकरी. एका जेवणात भात किंवा भाकरी यांपैकी एकच घ्या. जेवणाची सुरुवात भाजी आणि वालाच्या बिरड्याने करून भाताकडे नंतर वळलात, तर जेवणानंतरची साखर कमी चढते. यासाठी काहीही विकत आणावे लागत नाही, म्हणून मी हे आधी सुचवतो.

आठवड्यातून तीन-चार वेळा तांदळाऐवजी नाचणी किंवा ज्वारीची भाकरी करा. पण नाचणी "शुगरवाल्यांची" म्हणून चार भाकऱ्या खाऊ नका, तीही धान्यच आहे. शिळा थंड भात खाल्ला की साखर वाढत नाही, असाही एक समज पसरला आहे. थंड केल्यावर भातातला थोडा स्टार्च न पचणारा होतो हे खरे, पण फरक लहान आहे. त्याच्या भरवशावर दुसरी मूद घेऊ नये.

आपल्या भागातच काय चांगले मिळते

डाएट म्हटले की लोक ओट्स, किनोआ आणि पावडरीचे डबे शोधायला पनवेलला जातात. इथे भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल होतो. प्रथिने आणि तंतू दोन्ही देणारे यापेक्षा चांगले कडधान्य शोधायला बाहेर जायला नको. मोड आणून, सोलून केलेले बिरडे आठवड्यातून दोनदा होऊ द्या, फक्त खोबरे आणि तेल बेताने. थंडीतली पोपटी तर तेलाशिवायच होते. भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात भाजलेल्या शेंगा खुशाल खा. मीठ हात आखडून टाका, आणि पोपटीबरोबर जे बाटलीतून येते ते टाळा.

पावसाळ्यात टाकळा, कुरडू, भारंगी, शेवळा बाजारात येतात. शेवळा काकडाच्या फळांशिवाय करू नये हे घरातल्या मोठ्यांना माहीत असतेच. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवू किंवा बंद करू नका, रोजचे प्रमाण सारखे ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

मासळी चांगलीच. जिताडा, बोईट, कोलंबी, जे परवडेल ते. तव्यावर तेलात तळण्यापेक्षा कालवण बरे, पण कालवण चांगले झाले की भात दुप्पट जातो, हेही लक्षात असू द्या.

मीठ: पापड, सुके आणि खडे मीठ

पेणचे पापड आणि पोह्याचे पापड घराघरात पोचले आहेत, आणि अनेक बायांचा संसार त्या कामावर चालतो. पापड बंद करा असे सरसकट सांगायला मला आवडत नाही. पण ब्लड प्रेशर असलेल्या माणसाच्या ताटात रोज पापड नको. पापडात मीठ असते आणि पापडखारातही सोडियम असते. भाजलेला की तळलेला हा फरक तेलाचा आहे, मिठाचा नाही.

मिठाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी अशी ठरवली आहे. म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, आणि त्यात भाजी, आमटी, भाकरीच्या उकडीतले, लोणचे, पापड, फरसाण सगळे आले. खडे मीठ किंवा सैंधव चालते हा गैरसमज आहे. सोडियम तिन्हींत आहे, आणि साध्या खडे मिठात बहुधा आयोडीनही नसते. "लो सोडियम" मीठ विकत घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. त्यात पोटॅशियम असते. किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी चालू असेल तर ते धोक्याचे ठरू शकते.

सुक्या मासळीत फरक करा. जवळा आणि बोंबील बहुधा नुसते उन्हात वाळवलेले असतात, तर खारवलेला बांगडा किंवा सुरमई मिठातच मुरलेली असते. पहिली कधीमधी चालेल. दुसरी ब्लड प्रेशर, हृदय किंवा किडनीच्या रुग्णाने टाळावी. पाण्यात भिजवून पाणी ओतून दिल्याने मीठ कमी होते, संपत नाही.

भट्टीजवळ काम करणारे विचारतात, "आमच्या घामातून मीठ जाते, मग कमी कसे खायचे?" प्रश्न योग्य आहे. नियमित तीन वेळा जेवणाऱ्या माणसाला घामातून गेलेले मीठ बहुतेक वेळा जेवणातून परत मिळते. उन्हातान्हात किंवा भट्टीजवळ काम असताना महत्त्वाचे आहे ते पाणी. तहान लागायची वाट न पाहता दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर. खूप तास घाम गाळावा लागला, पायात गोळे येत असतील तर ओआरएस घ्या. मात्र ब्लड प्रेशर, हृदय वा किडनीचे आजार असतील किंवा लघवीची गोळी चालू असेल तर मीठ-पाण्याचे प्रमाण स्वतः ठरवू नका. अशा रुग्णाने डॉक्टरांना "मी कुठल्या विभागात काम करतो" हे न विसरता सांगावे.

नाईट असेल तेव्हा कधी जेवावे?

आपल्या शरीराचे घड्याळ रात्री अन्न पचवायला तयार नसते. तोच भात दुपारी खाल्ला तर जितकी साखर चढते, त्यापेक्षा रात्री दोन वाजता खाल्ला तर जास्त चढते आणि जास्त वेळ वर राहते. अमेरिकेत २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १९ निरोगी तरुणांना नाईट शिफ्टसारखे जागवले. ज्यांना रात्रीही जेवण दिले त्यांची साखर वाढली, ज्यांना फक्त दिवसा जेवण दिले त्यांची वाढली नाही. अभ्यास लहान आहे, त्यावरून नियम बनवू नये, पण दिशा कळते.

तर नाईटच्या आठवड्यात मुख्य जेवण घरून निघण्यापूर्वी, साधारण आठ-साडेआठला करून घ्या. डबा भाताचा न देता हलका द्या. दोन उकडलेली अंडी, मूठभर भाजलेले चणे किंवा शेंगदाणे, काकडी-गाजर, एखादे पेरू किंवा केळे. तो मध्यरात्रीच्या सुमारास खायचा. पहाटे दोन-तीनला पूर्ण जेवण नको. दुसरे कारणही आहे. संध्याकाळी भरलेला गरम भात बंद डब्यात गरम जागी सहा तास राहिला तर त्यात जंतू वाढतात, आणि त्यांनी सोडलेले विष डबा पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. रात्रपाळीत पोट बिघडते म्हणणाऱ्यांनी आधी डबा तपासावा.

चहाचा हिशेब वेगळा करावा लागतो. दोन चमचे साखरेचा एक कप म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर. झोप उडवायला पाच कप झाले की ५० ग्रॅम, म्हणजे दिवसाची कमाल मर्यादा मानलेल्या २५ ग्रॅमच्या दुप्पट, आणि हे बिस्किटांशिवाय. साखर एकदम बंद करायला सांगितले की माणूस चार दिवसांनी परत येतो. आधी दोनाचा एक चमचा करा, पंधरा दिवसांनी अर्धा. शेवटचा चहा रात्री एक-दीडच्या आत घ्या, नाहीतर सकाळी घरी येऊन झोप लागणार नाही, आणि झोप न झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी गोड आणि तळलेले जास्त हवेसे वाटते.

सकाळी सुटल्यावर वडखळ नाक्यावर वडापाव आणि चहा घेऊन घरी येणे, मग पुन्हा घरचा नाश्ता, मग झोप. हा क्रम ओळखीचा असेल तर त्यातला एक नाश्ता काढून टाका. घरी येऊन मुगाचे धिरडे, उपमा किंवा अंडे-पोळी असे थोडेसे खाऊन झोपा. उठल्यावर, दुपारी दोन-तीनला, भाजी-डाळीचे नीट जेवण.

सुट्टीच्या दिवशी घरच्यांबरोबर जेवायचे असते, पाहुणे असतात. तो दिवस घड्याळाने मोजू नका.

गोळी "सकाळी नाश्त्याआधी" आणि तुम्ही सकाळी झोपता

हा भाग मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी दोनदा वाचावा.

चिठ्ठीवर "सकाळी, नाश्त्याआधी" असे लिहिलेले असते. नाईट करून माणूस सात वाजता घरी येतो, गोळी आठवणीने घेतो, "भूक नाही" म्हणतो आणि दोन वाजेपर्यंत झोपतो. गोळी ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड असेल, किंवा इन्सुलिन असेल, तर पोटात अन्न नसताना साखर घसरत जाते आणि माणूस झोपेत असल्यामुळे कोणाला कळत नाही. घरच्यांना वाटते, दमलाय, झोपू दे.

झोपेत खूप घाम येणे, कपडे ओले होणे, अस्वस्थ बडबड, उठल्यावर डोके दुखणे किंवा गोंधळल्यासारखे वागणे ही साखर घसरल्याची लक्षणे असू शकतात. जागेपणी हात थरथरणे, धडधड, अचानक कडकडून भूक. मोजता आली आणि ७० च्या खाली असेल, किंवा मोजता येत नसेल पण लक्षणे असतील, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, कमीच असेल तर पुन्हा द्या, बरे वाटल्यावर जेवायला द्या. माणूस शुद्धीवर नसेल किंवा गिळत नसेल तर तोंडात काहीही ओतू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

नुसत्या मेटफॉर्मिनने साखर अशी घसरणे क्वचित होते. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांनी लघवी वाढते. भट्टीजवळचे काम, कमी पाणी आणि उपास एकत्र आले तर या गोळ्यांनी शरीर कोरडे पडू शकते आणि रक्तात आम्ल वाढू शकते. उलट्या, पोटदुखी, धाप असेल तर साखर फार वाढलेली नसली तरी दवाखाना गाठा.

उपाय सोपा आहे. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना महिन्याच्या शिफ्टचे वेळापत्रक, मोबाइलवरचा फोटोही चालेल, बरोबर न्या आणि विचारा, "फर्स्टला गोळी कधी, सेकंडला कधी, नाईटला कधी?" तिन्हींचे उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या. गोळीची वेळ किंवा मात्रा आपल्या मनाने बदलू नका, बंदही करू नका.

हेच दोन वेळा जेवण्याच्या पद्धतीबद्दल. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोचवलेली ही पद्धत आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. काहींचे वजन त्याने उतरते, याचे एक साधे कारण मधले चरणे बंद होते. पण वर सांगितलेल्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, किडनीच्या रुग्णांनी हे शेजाऱ्याचे ऐकून सुरू करू नये. संकष्टी, श्रावणी सोमवार किंवा मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या उपासालाही हेच लागू आहे. आणि साबुदाण्याच्या खिचडीला आहार-नियंत्रण समजू नका.

शिस्त घराची असते

एका माणसासाठी वेगळा स्वयंपाक होतो तेव्हा तो जेमतेम महिनाभर टिकतो. करणाऱ्या बाईला दुप्पट काम, खाणाऱ्याला शिक्षा झाल्यासारखे. त्यापेक्षा घराचेच ताट थोडे बदला. मिठाची बरणी जेवायच्या जागेवरून ओट्यावर न्या. पापड, फरसाण महिन्याच्या सामानात कमी लिहा, कारण घरात आलेली वस्तू खाल्ली जातेच. एका वेळी एकच बदल, निदान दोन आठवडे. पाहुण्यांसमोर "तुम्हाला चालत नाही ना हे" असे म्हणून रुग्णाचा हात धरू नका. मोदक एक खाल्ल्याने बिघडत नाही, पण अपमान झालेला माणूस नाक्यावर जाऊन चार खातो.

आणखी एक गोष्ट, जी तपासणीच्या कागदावर कधी येत नाही. शिफ्टवाल्या घरात बाई तीन वेळा चूल पेटवते आणि स्वतः उरलेल्यावर जेवते. उरतो तो भात. मासळी, अंडे, भाजी आधी संपलेली असते. या भागात येणाऱ्या चाळिशीच्या बायांत वजन जास्त आणि रक्त कमी असे दोन्ही एकत्र दिसते, ते याच ताटातून. मासळीचा तिचा तुकडा आधी बाजूला काढून ठेवा. हे घरातल्या पुरुषांनी करायचे काम आहे.

तपासणी कधी आणि कुठे

भारतीयांसाठी पोटाचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर वजन "नॉर्मल" असले तरी तपासणी करा. वजनाचा बीएमआय २३ च्या वर गेला की आपल्याकडे तो जास्त धरतात. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के असेल तर तो मधुमेहाच्या आधीचा टप्पा आहे, आणि जेवणातल्या बदलाचा सर्वांत जास्त फायदा इथेच होतो. १२६ किंवा ६.५ च्या वर असेल तर मधुमेह समजतात. लक्षणे नसतील तर चाचणी पुन्हा करून खात्री करावी.

नाईट करून थेट लॅबमध्ये जाऊन "उपाशीपोटी" रक्त देऊ नका. रात्री खाल्लेले, प्यालेला चहा आणि जागरण यांमुळे आकडा चुकतो. सुट्टीच्या दिवशी, रात्री झोप घेऊन, किमान आठ तास उपाशी राहून द्या. एचबीए१सीला उपास लागत नाही. मात्र रक्त फार कमी असेल किंवा घरात सिकलसेल वा थॅलेसेमिया असेल तर ते आधी सांगा, कारण मग हा आकडा फसवा निघू शकतो.

वयाची तिशी ओलांडलेल्यांची ब्लड प्रेशर आणि शुगरची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रांच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत मोफत होते. पुढच्या उपचारासाठी पेणला उपजिल्हा रुग्णालय आहे. जाताना जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटे आणि शिफ्टचे वेळापत्रक एका पिशवीत घाला, आणि शक्य असेल तर घरी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला बरोबर न्या.